शेरलॉक (बीबीसी): गच्चीवरून उडी मारून तो वाचला कसा? आणि जॉनने त्याला माफ करावं का?

पावसाळी_संध्या

काल, २९ नोव्हेंबर २०१३ ला, लंडनच्या रस्त्यांवरून एक रिकामी शववाहिनी फिरली. काळी गाडी, आत फुलांनी लिहिलेलं 'शेरलॉक' आणि काचेवर तारीख, ०१ ०१ १४. बस्स, बीबीसीने आजच्या काळातल्या शेरलॉक होम्सच्या या मालिकेच्या तिसऱ्या सीझनची तारीख अशी जाहीर केली. मी ऑफिसमध्ये फोटो बघितला आणि शेजारच्या टेबलवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले इतक्या जोरात मी 'आली!' म्हटलं. पहिल्या एपिसोडचं नाव 'द एम्प्टी हर्स', रिकामी शववाहिनी, म्हणजे गाडी रिकामी का होती ते कळलंच. १५ जानेवारी २०१२ ला दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग 'द रायखेनबाख फॉल' लागला होता, तेव्हापासून १ जानेवारी २०१४ पर्यंत ७१७ दिवस होतात, मी कॅलेंडर घेऊन मोजलेत.

ज्यांनी दुसरा सीझन पाहिला नाहीये त्यांनी कृपया इथूनच मागे फिरा, खाली सगळे रहस्यभेद आहेत.

तर मुद्दा. शेवटचा भाग मी दहा वेळा तरी पाहिलाय आणि माझे दोन प्रश्न आहेत. पहिला सगळ्यांचाच, तो वाचला कसा. शेरलॉकचा हाडवैरी मॉरिआर्टीने बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवर स्वतःच्या तोंडात गोळी झाडली, तीन मारेकरी तीन जणांवर नेम धरून बसलेत, मित्र जॉन वॉटसन, घरमालकीण मिसेस हडसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड, आणि शेरलॉकने उडी मारली नाही तर तिघंही मरणार, तो जॉनला फोन करतो, रडतो, फोन बाजूला फेकतो आणि हात पसरून खाली. मग रक्त, उघडे डोळे, गर्दी, स्ट्रेचर. आणि शेवटी स्मशानात जॉन थडग्याला हात लावून म्हणतो की अजून एक चमत्कार कर, माझ्यासाठी, मेलेला राहू नकोस, आणि तो तिकडे झाडाआड उभा राहून हे सगळं ऐकतोय!! त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता ना, झालाही, पण लगेच राग आला. तो माणूस तिथे उभा राहून मित्राला रडताना बघतो आणि निघून जातो.

म्हणून दुसरा प्रश्न, तो परत आल्यावर जॉनने काय करावं? मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय, पण सुरुवात पहिल्यापासून करू. तुमच्या थिअरीज लिहा. धुण्याच्या पोत्यांचा ट्रक, सायकलवाला, शवागारातली मॉली, बॉल, बास्करव्हिलच्या भागातला भास घडवणारा गॅस, काहीही चालेल.

नाडीपरीक्षा

मी ज्या कामात आहे त्यावरून बॉलबद्दल लिहितो, कारण नेटवर लोक 'बॉल काखेत धरला' इतकंच म्हणतात आणि पुढे जातात.

लॅबमध्ये शेरलॉक एक रबरी बॉल भिंतीवर आपटत बसलेला असतो, बराच वेळ, कॅमेरा मुद्दाम त्याच्यावर थांबतो. हाताला रक्त नेणारी मोठी धमनी काखेतून जाते. तिथे घट्ट काहीतरी दाबून धरलं की मनगटाची नाडी हाताला लागत नाही. जुने जादूगार हीच युक्ती वापरून स्वतःची नाडी 'बंद' करून दाखवायचे. हृदय मस्त चालू असतं, मानेची नाडी चालू असते, फक्त मनगट गप्प. आणि जॉन गर्दीतून घुसून काय धरतो? मनगट. तेही दोन-तीन सेकंद, लगेच लोक त्याचा हात सोडवतात.

आता कोणीही म्हणेल की जॉन आर्मी डॉक्टर आहे, अफगाणिस्तानात काम करून आलाय, त्याने मान का नाही चाचपली. तर त्याआधी अर्ध्या मिनिटात काय झालं ते आठवा, सायकलवाला त्याला धडकतो, तो रस्त्यावर डोकं आपटून पडतो, उठतो तेव्हा त्याला सगळं अस्पष्ट दिसतंय, आवाज लांबून येतोय. डोक्याला मार लागलेला माणूस, समोर मित्राचं रक्त, तो प्रोटोकॉलने वागत नाही, जो हात समोर येईल तो धरतो. मी कॅज्युअल्टीत नातेवाईक असलेल्या डॉक्टरांना असं वागताना पाहिलंय. त्यामुळे सायकलवाला योगायोगाने आला असं मला अजिबात वाटत नाही.

अण्णा_कोल्हापूरकर

डॉक्टर, बॉलचं पटलं. पण मला वाटतंय पडला तो शेरलॉक नव्हताच.

बघा, त्या आधी काय झालंय, अमेरिकन राजदूताची पोरं पळवली होती, शेरलॉकने शोधून काढली, आणि पोरगी शेरलॉकला बघून किंचाळायला लागली. का? तिने त्याला आधी बघितलंय म्हणून. म्हणजे मॉरिआर्टीने शेरलॉकसारखा दिसणारा माणूस तयार ठेवला होता, त्यानेच पोरांना पळवलं. तो डुप्लिकेट कुठे गेला पुढे? एकदाही त्याचा उल्लेख नाही. मी म्हणतो मॉरिआर्टीनेच त्याला संपवला असणार, काम झालं की माणूस संपवायचा ही त्याची पद्धतच आहे, आणि मॉली शवागारात काम करते, तिच्याकडे ते प्रेत आलं. आता सगळं जुळतंय की. खाली जे रक्ताने माखलेलं पडलंय ते डुप्लिकेटचं प्रेत, आणि खरा शेरलॉक पोत्यांच्या ट्रकमध्ये. ट्रक नंतर हळूच निघून जातो, फ्रेममध्ये दिसतोय, परत बघा.

आणि मॉली! मॉरिआर्टीने तीन नावं घेतली, मॉलीचं घेतलं नाही. ज्या मुलीशी त्याने स्वतः खोटं प्रेमाचं नाटक केलं तिलाच तो विसरला. लॅबमध्ये ती शेरलॉकला म्हणते की मी कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि नंतर रात्री तो अंधारात उभा राहून तिला म्हणतो की तू कायमच होतीस, माझा तुझ्यावर कायम विश्वास होता. ती विचारते काय पाहिजे तुला, आणि तो म्हणतो, तू. या एका सीनसाठी मी हा भाग कितीही वेळा बघेन. मूळ कथांमध्ये मॉली नावाचं कोणी नाहीच, या लोकांनी नवीन घातलेलं पात्र आहे, आणि तिच्याच हातात सगळी चावी दिली.

पावसाळी_संध्या

अण्णा, मॉलीबद्दल शंभर टक्के. पण डुप्लिकेटचं मला पटत नाही, कारण जॉन चेहरा बघतो, अगदी जवळून, आणि आपल्यालाही कॅमेरा तो चेहरा दाखवतो. डोळे उघडे असलेला तो शेरलॉकचं काम करणारा कंबरबॅचच आहे. मग आपल्याला खोटं दाखवलं असं होईल, आणि मालिकेचे लेखक मॉफट आणि गॅटिस काहीही करतील पण कॅमेऱ्याने खोटं बोलणार नाहीत असं मला वाटतं. लपवतील. खोटं नाही दाखवणार.

टेम्सकाठी

मी लंडनला असते, चार वर्षं झाली. या विषयावर लिहायला हात शिवशिवत होते.

आधी सांगते, मालिकेतलं शेरलॉकचं घर, २२१बी, बेकर स्ट्रीटवर नाहीचे. खऱ्या बेकर स्ट्रीटवर इतकी ट्रॅफिक आणि इतक्या होम्सच्या पाट्या की तिथे शूटिंग करणं अवघड, म्हणून नॉर्थ गॉवर स्ट्रीटवरचं १८७ नंबरचं दार वापरतात, यूस्टन स्क्वेअर स्टेशनवरून दोन मिनिटं. खाली 'स्पीडीज' नावाचं छोटं कॅफे आहे, ते खरंच आहे, मालिकेत दिसतं तसंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता आणि चार वेगवेगळ्या देशांतल्या मुली दारासमोर फोटो काढत उभ्या होत्या, कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि पाच मिनिटांत सगळ्याजणी मॉलीवर बोलायला लागलो.

पण मला बार्ट्सबद्दल बोलायचंय. सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल, ११२३ साली सुरू झालेलं, स्मिथफील्डच्या मटण बाजाराशेजारी. मी तिथे जाऊन जॉन उभा होता त्या जागी उभी राहिले. आणि तिथे उभं राहिल्यावर मला जे कळलं ते टीव्हीवर दहा वेळा बघून कळलं नव्हतं. जॉनला गच्ची दिसते. गच्चीवरचा माणूस पूर्ण दिसतो. पण मधे अँब्युलन्स स्टेशनची बुटकी इमारत आहे, आणि त्यामुळे फुटपाथ दिसत नाही! म्हणजे पडणं दिसतं आणि आपटणं दिसत नाही. आता फोनवरचं बोलणं आठवा. जॉन टॅक्सीतून उतरून दाराकडे निघालाय, शेरलॉक म्हणतो वळ, आलास तसा मागे जा. जॉन विचारतो कुठे, तो म्हणतो मी सांगतो तेवढं कर, प्लीज. मग म्हणतो, तिथे थांब. नंतर जॉन पुढे यायला लागतो तर केवढ्याने ओरडतो, आहेस तिथेच उभा राहा, हलू नकोस, माझ्यावरून नजर काढू नकोस.

अहो, तो माणूस मरायला निघालाय आणि मित्र कुठल्या फरशीवर उभा राहावा याची त्याला एवढी काळजी का? कारण सगळं नाटक त्या एका जागेवरून बघण्यासाठी रचलंय. एकच प्रेक्षक, एकच खुर्ची. बाकी रस्त्यावरचे लोक बहुतेक त्याचेच होते, म्हणूनच जॉनचा हात ते इतक्या तत्परतेने सोडवतात.

आणि जागाही त्यानेच निवडलीये. मॉरिआर्टीला मेसेज कोण करतं, शेरलॉक. बार्ट्सच्या गच्चीवर ये, खेळू या. मॉरिआर्टीला वाटलं तो स्वतःच्या पायाने सापळ्यात आला.

तिथे जवळच एक लाल टेलिफोन बूथ आहे, त्याच्या काचांवर लोक चिठ्ठ्या लावून जातात, 'माझा शेरलॉक होम्सवर विश्वास आहे' अशा. जपानी, स्पॅनिश, काय काय भाषांत. मी मराठीत एक लावून आलेय.

नाडीपरीक्षा

टेम्सकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ता लॅपटॉप उघडून तो सीन परत लावला. बरोबर आहे, संपूर्ण बरोबर. आणि त्यात अजून एक गोष्ट, तो स्वतः फोनवर सांगतो! जॉन म्हणतो की पहिल्या भेटीत तुला माझ्या बहिणीबद्दल सगळं माहीत होतं, तर शेरलॉक म्हणतो मी आधीच माहिती काढून ठेवली होती, ती सगळी नुसती जादूची ट्रिक होती. जॉनला वाटतं तो त्यांच्या पहिल्या भेटीबद्दल बोलतोय. मला वाटतं तो त्या क्षणाबद्दल बोलतोय. ट्रिक आहे रे बाबा, ट्रिक आहे, असं तो ओरडून सांगतोय आणि जॉनला ऐकू येत नाहीये.

नवखा_प्रेक्षक

नमस्कार, मी फक्त पहिला सीझन पाहिलाय, तीन एपिसोड, आणि वरचं काहीच वाचलेलं नाही, हळूच सरळ खाली आलो. एकच विचारायचं होतं, मूळ पुस्तकं न वाचता हे बघितलं तर चालतं का? मला 'अ स्टडी इन पिंक' प्रचंड आवडला पण मित्र म्हणतो तुला अर्धी मजा कळलीच नाही.

वाचनवेल्हाळ

नवखा, चालतं की. पण मित्र म्हणतो त्यातही तथ्य आहे, दोन उदाहरणं देते, ती पहिल्या भागातलीच आहेत त्यामुळे तुमचं काही बिघडणार नाही.

मूळ पहिल्या कादंबरीत भिंतीवर रक्ताने 'राखे' असं लिहिलेलं असतं. लेस्ट्रेड म्हणतो की कोणाला तरी 'रेचेल' लिहायचं होतं, राहून गेलं. होम्स म्हणतो, छे, जर्मनमध्ये राखे म्हणजे सूड. आता २०१० च्या भागात काय केलंय, तीच अक्षरं फरशीवर नखांनी कोरलेली, इथे पोलिसांचा अँडरसन म्हणतो जर्मनमध्ये सूड आणि शेरलॉक त्याला दार लावून बाहेर काढतो आणि म्हणतो, रेचेल! पुस्तक वाचलेला माणूस तिथे टाळी देतो. दुसरं, मूळ कथेत होम्स वॉटसनचं खिशातलं घड्याळ बघून, त्यावरच्या किल्लीच्या ओरखड्यांवरून, त्याच्या दारुड्या भावाची सगळी कहाणी सांगतो. इथे घड्याळाचा मोबाइल झाला, किल्लीच्या ओरखड्यांचे चार्जरचे ओरखडे झाले, आणि भावाची बहीण झाली, तेवढं एक शेरलॉकचं चुकतं. तीन पाइप ओढून सुटणारं कोडं इथे निकोटिनच्या तीन पट्ट्यांचं होतं. हे लोक मूळ कथा कोळून प्यालेत म्हणून एवढं धाडस करू शकतात. मॉफट आणि गॅटिस दोघंही 'डॉक्टर हू' मालिकेसाठी काम करायचे, लंडन ते कार्डिफ रेल्वेच्या प्रवासात होम्सवर गप्पा मारायचे, त्यातून हे उभं राहिलं.

आता नवखा, तुम्ही दुसरा सीझन बघून या, मला बाकीच्यांशी बोलायचंय.

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बरीच मोठी असेन. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात होम्सच्या मराठी अनुवादाचे भाग होते, पानं सुटलेली, दोऱ्याने शिवलेली. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. ज्या दिवशी मी 'शेवटची' गोष्ट वाचली, होम्स धबधब्यात जातो ती, त्या दिवशी पुढचा भाग दुसऱ्या कोणीतरी नेलेला होता. तीन आठवडे! मला कोणी सांगितलंच नव्हतं की तो परत येतो. मी आईला विचारलं की आता काय, तर ती म्हणाली गोष्टीतला माणूस आहे, जेव. ते तीन आठवडे मला अजून आठवतात, त्यामुळे तुमचे ७१७ दिवस मला समजतात.

आणि १८९३ चे वाचक बघा. डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉयलने त्याला मारलं आणि 'रिकाम्या घराची' गोष्ट आली १९०३ मध्ये. दहा वर्षं. मधे बास्करव्हिलची कादंबरी आली पण ती आधीच्या काळातली केस म्हणून, तो परत आलाच नव्हता. त्या लोकांना १ जानेवारी अशी तारीखसुद्धा नव्हती.

आता संध्याचा दुसरा प्रश्न. मूळ कथेत हे फार पटकन आटपतं. एक म्हातारा पुस्तकवाला वॉटसनच्या घरी येतो, वॉटसन कपाटाकडे मान वळवतो, परत बघतो तर समोर होम्स. वॉटसन आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो, होम्सचा दंड धरून खात्री करतो, आणि खूश! राग नाहीच. तीन वर्षं हा माणूस जगभर, त्यातली दोन तिबेटमध्ये, ल्हासापर्यंत हिंडत होता, त्याचा भाऊ मायक्रॉफ्टला सगळं माहीत होतं, आणि वॉटसनला एक चिठ्ठी नाही. होम्स कारण काय देतो, की तू माझ्या मृत्यूबद्दल जे लिहिलंस ते लोकांना इतकं पटलं कारण तुला स्वतःला ते खरं वाटत होतं. लहानपणी मला यात काहीच खटकलं नव्हतं. आता वाचलं की पोटात कालवतं.

पावसाळी_संध्या

वाचनवेल्हाळताई, शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. 'तुला खरं वाटत होतं म्हणून.' म्हणजे टेम्सकाठी म्हणते तेच झालं की, एकच प्रेक्षक. जॉनला खरं वाटायला हवं होतं कारण जग जॉनकडे बघून ठरवणार होतं. मारेकऱ्यांनाही खात्री जॉनच्या रडण्यावरून पटणार.

आणि हे आजच्या काळात आणलंय म्हणून जास्त लागतं. बीबीसीने जॉनचा ब्लॉग खराखुरा नेटवर ठेवलाय, त्यात प्रत्येक केस लिहिलेली, खाली बहीण हॅरीच्या, मिसेस हडसनच्या कॉमेंट्स. त्यावर शेवटची नोंद आहे की तो माझा सर्वांत चांगला मित्र होता आणि माझा त्याच्यावर कायम विश्वास राहील. बस. त्याच्यानंतर काही नाही. शेरलॉकने तो ब्लॉग वाचला असणारच ना, तो आधी रोज वाचायचा आणि नावं ठेवायचा. १८९१ मध्ये तिबेटमधून पत्र यायला महिने लागले असते, ते पकडलं गेलं असतं, मी समजू शकते. आता एक मिस्ड कॉल पुरला असता. ज्या माणसाला फोनवर बोलण्यापेक्षा मेसेज आवडतात, ज्याचे मेसेज हवेत अक्षरं तरंगताना आपण सहा एपिसोड बघतोय, त्याने दोन वर्षं एकही मेसेज केला नाही.

भागाची सुरुवातच आठवा. जॉन थेरपिस्टसमोर बसलाय, बाहेर पाऊस, ती म्हणते दीड वर्षाने आलात, आजच का, आणि त्याच्या तोंडातून ते वाक्य निघत नाही. मार्टिन फ्रीमन तिथे काहीच करत नाही, फक्त तोंड उघडतो आणि बंद करतो. माझे बाबा गेल्यावर बँकेच्या काउंटरवर मला अर्जात 'मृत' शब्द लिहायचा होता, तेव्हा माझं असंच झालं होतं, पेन टेकवून मी तशीच उभी होते. म्हणून मला तो जॉन इतका जवळचा आहे. त्याने शेरलॉकला बघून आनंदाने मिठी मारली तर मी टीव्ही बंद करेन, खरंच.

अण्णा_कोल्हापूरकर

संध्याताई, मिठी नको, आधी एक ठेवून द्यायला पाहिजे. आमच्याकडे सख्खा भाऊ असं वागला असता तर दारातच दिली असती. पण दिल्यावर घरात घ्यायचा, जेवायला वाढायचं. जॉन तसा माणूस आहे.

मात्र शेरलॉकची एक बाजू घेतो. त्याच्यासमोर मार्ग काय होता? मॉरिआर्टी मेला, मारेकऱ्यांना परत बोलावणारा कोणी उरला नाही. जॉनला सांगितलं आणि जॉनने एखाद्या दिवशी चुकून हसून दाखवलं तरी तीन जीव गेले असते. लॅबमध्ये मिसेस हडसनला गोळी लागल्याचा खोटा फोन येतो तेव्हा जॉन चिडून जातो, शेरलॉक म्हणतो एकटेपणच मला वाचवतं, आणि जॉन म्हणतो, नाही, मित्र वाचवतात. पुढच्या अर्ध्या तासात शेरलॉकने तेच तर केलं, मित्रांना वाचवलं, आणि त्याची किंमत स्वतःचं नाव घालवून दिली. पेपरमध्ये खोटारडा, पोलिसांत खोटारडा. ज्याला आपल्या हुशारीशिवाय काही नको होतं त्याने फोनवर रडत म्हटलं, मी बनावट आहे. मला तर हा त्याग वाटतो.

नाडीपरीक्षा

रडण्यावरून एक. मॉफटने गेल्या वर्षी मुलाखतीत म्हटलं होतं की सगळ्यांच्या नजरेतून एक खूण सुटली आहे, शेरलॉक त्याच्या स्वभावात न बसणारं काहीतरी करतो. नेटवर बहुतेक जण म्हणतात ते म्हणजे रडणं, आणि म्हणून ते अश्रू खोटे. बास्करव्हिलच्या भागात त्याचा हात थरथरतो ते औषधामुळे, इतर वेळी तो रडून दाखवतो ते साक्षीदाराकडून माहिती काढायला.

मला उलट वाटतं. अश्रू खरे होते, आणि स्वभावात न बसणारी गोष्ट म्हणजे त्याने मदत मागितली. मॉलीकडे. सहा भागांत त्याने कधीच कोणाला 'मला तुझी गरज आहे' म्हटलेलं नाही, पेन मागतानासुद्धा नाही. आणि ट्रिक ठरलेली असली तरी खाली आपल्या मित्राला आयुष्यभर पुरेल अशी जखम आपण करतोय हे त्याला त्या क्षणी कळलंय. म्हणून रडतोय. दोन्ही एकत्र असू शकतं, नाटकही आणि रडणंही. मृत्यूची बातमी सांगताना आम्हीही ठरवून ठेवलेली वाक्यं बोलतो, म्हणून ती खोटी नसतात.

टेम्सकाठी

डॉक्टर, हे मी चिठ्ठीवर लिहून त्या बूथवर लावणार आहे.

थोडी बाकीची माहिती, रहस्य न फोडता. पुढचे तीन भाग 'द एम्प्टी हर्स', 'द साइन ऑफ थ्री' आणि 'हिज लास्ट व्हाऊ'. गेल्या वर्षी एडिंबराला लेखकांनी या भागांच्या खुणा म्हणून तीन शब्द दिले होते, उंदीर, लग्न आणि 'बो' (इंग्रजी bow). लग्न म्हणजे जॉन आणि मेरी हे उघड आहे, मेरीचं काम अमांडा अ‍ॅबिंग्टन करतेय, जी सध्या, २०१३ मध्ये, जॉनचं काम करणाऱ्या मार्टिन फ्रीमनची खऱ्या आयुष्यातली जोडीदार आहे. म्हणजे शेरलॉक परत येतो तेव्हा जॉनचं आयुष्य पुढे गेलेलं असणार. खलनायक चार्ल्स ऑगस्टस मॅग्नुसेन, काम लार्स मिकेलसनचं, मूळ कथेतला मिल्व्हर्टन, ब्लॅकमेल करणारा. दोन वर्षं लागली कारण दोघंही नट 'हॉबिट' चित्रपटांत अडकले होते, फ्रीमन बिल्बो आणि कंबरबॅच ड्रॅगनचा आवाज, शिवाय कंबरबॅचचा 'स्टार ट्रेक' चित्रपट. यंदा बार्ट्सबाहेर शूटिंग झालं तेव्हा लोकांनी काढलेले फोटो नेटवर फिरतायत. माझी हात जोडून विनंती, ते बघू नका आणि इथे तर अजिबात टाकू नका.

अण्णा_कोल्हापूरकर

नाही टाकत. तोपर्यंत वेळ घालवायला 'एलिमेंटरी' बघावं का? न्यूयॉर्कमधला होम्स आणि लूसी लिऊ वॉटसन. मी दोन भाग बघून सोडलं.

वाचनवेल्हाळ

मी बघते, आणि तो वेगळा माणूस म्हणून बघितला तर चांगला आहे, त्याची वॉटसन त्याच्याकडून काम शिकते, हे मला फार आवडलं. तिथला जॉनी ली मिलर आणि आपला कंबरबॅच यांनी २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये फ्रँकेन्स्टाइनचं नाटक केलं होतं, डॅनी बॉयलचं, एका रात्री एक जण डॉक्टर आणि दुसरा राक्षस, दुसऱ्या रात्री उलट. दोघांना मिळून ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. म्हणून मला दोघांत भांडण लावावंसं वाटत नाही.

आणि जाता जाता, ही आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे म्हणून सांगते. पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर वॉटसन मुंबईला उतरतो! जहाजातून उतरल्यावर त्याला कळतं की आपली तुकडी अफगाणिस्तानात पुढे निघून गेलीये, तो मागोमाग जातो, मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागते, आजारी होऊन इंग्लंडला परत, आणि मग बार्ट्सच्या प्रयोगशाळेत होम्स त्याला बघून म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात. मैवंदची लढाई १८८० ची. २०१० मध्ये शेरलॉक त्याच बार्ट्समध्ये विचारतो, अफगाणिस्तान की इराक? एकशेतीस वर्षांनी प्रश्न जवळजवळ तोच. हे ऐकून मी टीव्हीसमोर उठून उभी राहिले होते.

पावसाळी_संध्या

बार्ट्समध्येच भेटले आणि बार्ट्सच्याच गच्चीवरून... ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पहिल्या भेटीत जॉन त्याला स्वतःचा फोन देतो, मेसेज करायला. शेवटी शेरलॉक त्याच हॉस्पिटलच्या गच्चीवर स्वतःचा फोन फेकून देतो.

बरं, १ जानेवारीचं ठरवू. तिकडे रात्री नऊला लागलं तर आपल्याकडे २ तारखेची पहाटेची अडीच वाजतील. मी सुट्टी टाकलीये. ज्यांना नंतर बघायला मिळेल त्यांच्यासाठी दोन दिवस या धाग्यावर कोणी काही लिहायचं नाही, नवीन धागा काढू आणि शीर्षकातच रहस्यभेद लिहू. टेम्सकाठी, तू आमच्या आधी बघशील, तुला तर फारच जड जाईल, पण तोंड बंद ठेव.

टेम्सकाठी

शब्द दिला. फक्त एवढं सांगेन की जॉनने दिली का नाही. अण्णांसाठी. तेही नको? बरं, तेही नाही.

नवखा_प्रेक्षक

मी कालपासून दुसरा सीझन सलग बघितला. आत्ता पहाटेचे चार वाजलेत. आता सगळा धागा वाचला. मला झोप येत नाहीये. एक विचारू का, जॉन फोनवर बोलत असताना त्याचा एक हात वर जातो, शेरलॉकच्या दिशेने, आणि वर शेरलॉकचाही हात पुढे येतो. ते कोणालाच दिसायचं नव्हतं ना? खालून कोणाला कळणार होतं? मग तो हात कशासाठी?

पावसाळी_संध्या

नवखा, मी दहा वेळा बघितलंय आणि शेरलॉकचा हात मी पाहिलाच नाही. मी कायम जॉनकडे बघत होते. थांबा, लावते परत, टॅक्सी येते तिथपासून.